विक्कातील देवीची तीन रूपे आणि वृद्धेचा मान

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत विक्का या पाश्चात्त्य पंथातील देवी-उपासनेवर आलेला लेख वाचला. या विषयावर मराठीत सहसा चेटूक आणि काळी जादू यांपलीकडे काही छापून येत नाही. त्या मानाने हा लेख आदराने लिहिलेला होता, याचे समाधान वाटले. मात्र त्यातील दोन विधाने मला पटली नाहीत. कुमारिका, माता आणि वृद्धा या तीन रूपांतील देवीची उपासना युरोपात हजारो वर्षे अखंड चालत आली आहे, हे पहिले विधान. आणि ही तीन रूपे म्हणजे आपल्याच महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती होत, हे दुसरे.

विक्का हा पंथ विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये आकाराला आला. तेथील १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये पंथाचे प्रवर्तक जेराल्ड गार्डनर यांनी या पंथाची जाहीर ओळख करून देणारे पुस्तक प्रसिद्ध केले. देवीच्या तीन अवस्थांची चंद्राशी जोडलेली मांडणी मुख्यतः कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या १९४८ च्या ‘द व्हाइट गॉडेस’ या ग्रंथातून लोकांपर्यंत पोहोचली. त्यात नवी चंद्रकोर शुभ्र, जन्माची आणि वाढीची. पौर्णिमेचा चंद्र लाल, प्रेमाचा आणि युद्धाचा. वद्य पक्षात झिजत जाणारा चंद्र काळा, मृत्यूचा आणि भविष्यकथनाचा. ब्रिस्टल विद्यापीठातील इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये या सर्व कल्पनांचा उगम तपशिलाने उलगडून दाखवला असून विक्काचे अनेक उपासकही तो आज मान्य करतात.

प्राचीन युरोपात देवींची त्रिकुटे नव्हती असे मुळीच नाही. जर्मनीतील बॉन येथे इसवी सन १६४ मधील एक रोमन वेदी सापडली आहे. तिच्यावर तीन मातृदेवता शेजारी शेजारी बसलेल्या कोरल्या आहेत. दोन्ही कडांच्या स्त्रियांच्या डोक्यावर मोठी गोल शिरोभूषणे आहेत, तर मधली तरुण असून तिचे केस मोकळे आहेत. वयाचा भेद तेथे स्पष्ट दिसतो, पण वृद्धा त्यांत नाही. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस मात्र ग्रीसमधील स्टिम्फेलस येथे हेरा देवीची कन्या, विवाहिता आणि विधवा या नावांची तीन देवस्थाने असल्याचे सांगतो, आणि विक्कातील कल्पनेला हा दाखला बराच जवळचा आहे. तरीही तेथील तिसरे नाव वार्धक्यामुळे पडलेले नाही. पती झ्यूसशी भांडण होऊन हेरा परत आली म्हणून ते पडले, अशी कथा तो देतो. असे विखुरलेले दाखले म्हणजे अखंड परंपरा नव्हे.

आपल्याकडील तुलनेबाबतही तेच म्हणावे लागेल. देवीमाहात्म्याच्या तीन चरितांच्या अधिष्ठात्री देवता म्हणून महाकाली, महालक्ष्मी आणि महासरस्वती मानल्या जातात. एकाच स्त्रीच्या आयुष्याच्या तीन पायऱ्या म्हणून त्यांची योजना नाही. आपल्या नवरात्रात कुमारिकेचे पूजन होते आणि सवाष्णीची ओटी भरली जाते, परंतु घरातील विधवा आजीसाठी त्या नऊ दिवसांत कोणता विधी आहे? ‘हे सारे आपल्याकडे आहेच’ असे म्हटले, की नेमका हा प्रश्न विचारायचा राहून जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कारण विक्कामध्येही वृद्धेला मान आपोआप मिळालेला नाही. डोरीन व्हॅलिएंटे (१९२२–१९९९) यांनी १९५३ मध्ये गार्डनर यांच्याकडून दीक्षा घेतली, त्या गार्डनर यांच्या उपासक-मंडळाच्या मुख्य पुजारीण झाल्या आणि देवीच्या तोंडी असलेले, आजही पौर्णिमेच्या विधींत म्हटले जाणारे गद्य आवाहन त्यांनीच लिहून सिद्ध केले. पुढे गार्डनर यांच्या प्रसिद्धीच्या हौसेवरून मंडळात मतभेद झाले, तेव्हा १९५७ मध्ये गार्डनर यांनी ‘प्राचीन’ म्हणून काही नियम पुढे आणले. देवीचे प्रतिनिधित्व करणारी स्त्री तरुण असली पाहिजे, म्हणून मुख्य पुजारिणीने योग्य वेळी तरुण स्त्रीसाठी आपणहून जागा रिकामी करावी, असे त्यांतील एका नियमाचे म्हणणे होते. व्हॅलिएंटे त्या वेळी पस्तिशीच्या होत्या आणि गार्डनर सत्तरी ओलांडून गेलेले होते. हे नियम जुने नाहीत हे ओळखून व्हॅलिएंटे मंडळातून बाहेर पडल्या. देवीचे शब्द जिने लिहिले, तिलाच वयाचा नियम दाखवण्यात आला, ही गोष्ट मला या पंथाच्या इतिहासात फार महत्त्वाची वाटते. २०१३ मध्ये ब्रायटन येथे त्या राहत असलेल्या इमारतीवर त्यांच्या नावाची स्मृतिपाटी लागली.

१९७० नंतर अमेरिकेतील स्त्रीमुक्तीच्या चळवळीतून आलेल्या स्त्रियांनी देवी-उपासनेत वृद्धेला खरे स्थान दिले. स्त्रीची पाळी थांबल्यानंतर, साधारण पन्नाशीच्या पुढे, त्यासाठी एक विधी होतो: तिच्या मैत्रिणी आणि मुली-नाती वर्तुळात बसतात, ती आपल्या आयुष्याची हकिगत सांगते आणि तिला वडीलधारी म्हणून मान दिला जातो. शरीरातील ज्या बदलाविषयी आपल्या घरांत कुजबुजतही बोलले जात नाही, त्याचा हा उघड सोहळा आहे. या मांडणीवर आक्षेपही आहेत. ज्या स्त्रियांना मूल झाले नाही किंवा नको होते, त्यांचे आयुष्य गर्भाशयावरून का मोजावे, असे खुद्द उपासकच विचारतात. त्यावर कोणी ‘माता’ या अवस्थेचा अर्थ कोणत्याही निर्मितीपर्यंत वाढवतात, तर काहींनी माता आणि वृद्धा यांच्यामध्ये ‘राणी’ अशी चौथी अवस्था मानली आहे. मुले मोठी झाल्यावरही अनेक स्त्रियांपुढे कर्त्या आयुष्याची दोन-तीन दशके असतात, हे पाहता ही भर मला योग्य वाटते.

पुरवणीत या विषयावर पुढील लेख येणार असल्याचे आपण म्हटले आहे. त्यात व्हॅलिएंटे यांच्या कार्याला आणि या वादांना जागा मिळावी, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
एक वाचक, सांगली