पटावरच्या दाण्यांची संख्या पूर्ण छापावी

संपादक महोदय, स.न.वि.वि.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुपटीने दाणे ठेवत गेल्यास ६४ घरांत मिळून किती दाणे होतील, या प्रश्नाचे उत्तर नातीला मिळालेल्या एका सरावपत्रिकेत १८४४६७४४०७३७०९५५२००० असे छापलेले पाहून वाईट वाटले. खरे उत्तर १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ आहे. संगणकाच्या नेहमीच्या आकडेमोडीत सुरुवातीचे पंधरा-सोळा अंकच भरवशाचे असतात आणि पुढे शून्ये येतात. तीच येथे उतरवली गेली असावीत. वास्तविक पहिले घर सोडले तर प्रत्येक घरातील दाणे सम आहेत, म्हणून एकूण बेरीज विषमच असली पाहिजे, हे पाचवीतील मुलालाही सांगता येईल.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील परार्ध (एकावर सतरा शून्ये) या शेवटच्या स्थानाने मोजले तरी ही संख्या १८४ परार्धांहून अधिक भरते. आपल्याकडे तिची गोष्ट या अवाढव्यपणापाशीच संपते, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. दोनाच्या चौसष्टाव्या घातातून एक वजा केला की ही संख्या मिळते. त्यामुळे वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतले सूत्र लावताच ती ४२९४९६७२९५ आणि ४२९४९६७२९७ या दोन लागोपाठच्या विषम संख्यांचा गुणाकार ठरते. पहिलीचे अवयव ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७. या पाचही मूळ संख्या आहेत, आणि तितक्या बाजूंचे सुसम बहुभुज केवळ पट्टी व कंपासने काढता येतात. त्यांपैकी सतरा बाजूंच्या बहुभुजाची शक्यता जर्मन गणिती गाऊसने १७९६ मध्ये सिद्ध केली.

दुसरी संख्या मात्र मोठमोठ्यांना चकवून गेली. दोनाच्या १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुपटीने वाढणाऱ्या घातांत एक मिळवला की वरच्या पाच मूळ संख्या आणि मग ही संख्या मिळते; या मालिकेतील सर्वच संख्या मूळ असाव्यात असे फ्रेंच गणिती फर्माला वाटत होते, परंतु स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये ४२९४९६७२९७ ला ६४१ ने निःशेष भाग जातो हे दाखवले. त्याचे कारण चार ओळींत मावते. ६४० म्हणजे पाच गुणिले दोनाचा सातवा घात. ६४० ही ६४१ पेक्षा एकानेच कमी असल्याने तिच्या चौथ्या घातातून एक वजा केल्यास उरणाऱ्या संख्येला ६४१ ने भाग जातोच. शिवाय ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६, अर्थात पाच व दोन यांच्या चौथ्या घातांची बेरीज; तिला दोनाच्या अठ्ठाविसाव्या घाताने गुणून त्यातून आधीची संख्या वजा केली की नेमकी ४२९४९६७२९७ उरते. ही वजाबाकी इतकी देखणी आहे की ती फळ्यावर मांडताना आजही माझा हात क्षणभर थांबतो.

आपल्या शालेय पुरवणीत ही संख्या एकदा तिच्या विसाही अंकांनिशी, सर्व अवयवांसह छापावी, ही विनंती. ६४१ गुणिले ६७००४१७ हा गुणाकार आठवीतील मुले कागदावर करून पाहू शकतील.

आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, सातारा