रोपवे थांबला तर काय, हे बसण्याआधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेतील मुलांकडे जाणाऱ्या कोल्हापूरकर आई-वडिलांची संख्या आता पुष्कळ वाढली आहे आणि नातवंडे बरोबर असली, की फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडोजवळचे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड त्यांच्या कार्यक्रमात बहुधा असतेच. तेथील काही हॉटेले आणि एपकॉट व हॉलिवूड स्टुडिओज ही दोन उद्याने यांना जोडणारा ‘डिस्ने स्कायलायनर’ हा रोपवे २९ सप्टेंबर २०१९ रोजी सुरू झाला. तो जत्रेतल्या पाळण्यासारखा केवळ हौसेने बसण्याचा नाही; हॉटेलातून उद्यानात जाण्यायेण्याचे ते रोजचे वाहन आहे आणि त्यामुळे ज्यांना उंचीची किंवा बंद जागेची भीती वाटते, असे लोकही घरच्यांबरोबर मुकाट्याने त्यात बसतात. सहलींची जी माहितीपत्रके माझ्या हाती आली, ती मी लक्षपूर्वक वाचली. त्यांत या रोपवेची छायाचित्रे होती, वरून दिसणाऱ्या दृश्याचे वर्णन होते; परंतु तो मध्येच थांबला, तर आत बसलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाने काय करायचे, याविषयी एक ओळही नव्हती. या उणिवेकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शिवाजी उद्यमनगरातील एका फौंड्रीत मी निवृत्त होईपर्यंत मेंटेनन्सचे काम केले. क्रेनचा वायर रोप वरून ग्रीसने तुकतुकीत दिसत असला, तरी आतल्या तारा तुटलेल्या असू शकतात आणि म्हणून तो ठरलेल्या मुदतीला तपासलाच पाहिजे, हे त्या कामात अंगवळणी पडले. ही पार्श्वभूमी ठाऊक असल्यामुळे ओळखीचे लोक मला रोपवेविषयी हमखास विचारतात, की दोर तुटला तर? प्रश्न स्वाभाविक आहे, पण ज्येष्ठ प्रवाशाच्या दृष्टीने तो पहिला प्रश्न नव्हे. प्रवासी रोपवेसाठी दोर निवडताना त्यावर प्रत्यक्षात येणाऱ्या ताणाच्या कित्येक पट ताण तो सोसेल, हे पाहिलेले असते. चुंबकीय उपकरणाने त्याची आतपर्यंत तपासणी करता येते. आणि नीट निगा राखलेला दोर तुटण्याचे प्रसंग विरळाच असतात. रोपवे थांबण्याचे प्रसंग मात्र नेहमीचे आहेत. वारा वाढला की तो थांबतो, विजा चमकू लागल्या की थांबतो, स्टेशनात एखाद्याला चढायला वेळ लागला तरी क्षणभर थांबतो. बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत तो पुन्हा सुरू होतो. सुरू झाला नाही तर काय, ही माझी चिंता आहे.

स्कायलायनर ऑस्ट्रियातील डॉपेलमायर या कंपनीने बांधला आहे. त्यात एकच पोलादी दोर अखंड फिरत असतो. तोच केबिनचे वजन पेलतो आणि तोच तिला ओढून नेतो. केबिनच्या माथ्यावरची स्प्रिंगची पकड त्या दोराला घट्ट धरून ठेवते. स्टेशनात शिरताना ती पकड सुटते, केबिन रुळावर येऊन सावकाश सरकू लागते, माणसे चढतात-उतरतात आणि मग तिला पुन्हा दोराच्या वेगावर आणून दोराला जोडले जाते. एका केबिनमध्ये दहा माणसे बसू शकतात आणि एकूण केबिन तीनशेच्या घरात आहेत. ही रचना अतिशय कार्यक्षम आहे यात शंका नाही, परंतु तिचा एक परिणाम प्रवाशाने ध्यानात घेतला पाहिजे. स्टेशनात एक केबिन अडली, तर मागच्या केबिन तिच्यावर येऊन आदळू नयेत म्हणून संपूर्ण दोर थांबवावा लागतो, आणि दोर थांबला की त्या मार्गावरची प्रत्येक केबिन जिथे असेल तिथेच लटकत राहते, मग ती स्टेशनापासून दहा फुटांवर असो की तलावाच्या मध्यावर. मुख्य मोटार बंद पडली, तर पर्यायी इंजिनावर दोर हळूहळू फिरवून सर्वांना स्टेशनात आणण्याची सोय अशा रोपवेंना असते. पण केबिन स्टेशनातच एकमेकींत अडकल्या असतील, तर त्या मोकळ्या होईपर्यंत त्या इंजिनाचा काही उपयोग नसतो.

५ ऑक्टोबर २०१९ रोजी, म्हणजे रोपवे सुरू होऊन एक आठवडाही झालेला नसताना, रिव्हिएरा रिसॉर्टच्या स्टेशनात केबिन अशाच एकमेकींना भिडल्या. तो मार्ग बंद पडला आणि काही प्रवासी तीन तासांहून अधिक काळ हवेत अडकून राहिले. अग्निशमन दलाला मदतीला यावे लागले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. १४ ऑक्टोबरला रोपवे पुन्हा सुरू झाला, तेव्हा कामाच्या पद्धतीत आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात बदल केल्याचे कंपनीने जाहीर केले, आणि प्रवासात असलेल्या लोकांशी साधल्या जाणाऱ्या संवादातही सुधारणा करीत असल्याचे सांगितले. निवेदनातील हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाडी का थांबली आहे, साधारण किती वेळ लागेल आणि तोवर दाराला हात लावू नये, एवढे जरी पहिल्या काही मिनिटांत समजावून सांगितले, तरी अडकलेल्या माणसाचा निम्मा घोर कमी होतो. ते सांगितले गेले, पण ज्या इंग्रजीत आणि ज्या उच्चारांत सांगितले गेले ते आपल्या आजी-आजोबांना समजलेच नाही, तर परिणाम तोच. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की घरातील ज्येष्ठांना दोघांनाच वेगळ्या केबिनमध्ये कधीही बसवू नये. इंग्रजी समजणारे आणि फोन करू शकणारे एक तरी माणूस त्यांच्याबरोबर असलेच पाहिजे.

त्या दिवशी रात्रीची वेळ होती, हे विसरता कामा नये. स्कायलायनरच्या केबिन वातानुकूलित नाहीत. चालत्या केबिनमध्ये झरोक्यांतून वारा खेळत राहतो आणि त्यामुळे आत बरे वाटते, असे जाऊन आलेले लोक सांगतात. परंतु हा वारा केबिनच्या वेगामुळेच मिळतो, आणि केबिन थांबली की तोही मंदावतो. आपली मंडळी तिकडे जातात ती मे-जूनमध्ये, आणि त्या काळात मध्य फ्लोरिडात पारा ३२-३३ अंशांपर्यंत सहज चढतो. आकडा ऐकून कोल्हापूरकराला त्याचे काही वाटणार नाही. पण तेथील हवा रत्नागिरी-मालवणच्या मे महिन्यासारखी दमट असते आणि घाम सुकत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तेथे दुपारनंतर गडगडाटी पाऊस येणे हे नित्याचेच आहे, विजांच्या बाबतीत तर फ्लोरिडा अमेरिकेत कुप्रसिद्ध आहे, आणि विजा दिसू लागल्या की रोपवे थांबवला जातो. थोडक्यात, जी वेळ उकाड्याची, तीच वेळ थांबण्याच्या शक्यतेची.

अशा केबिनमध्ये अर्धा तास काढणे तरुणाला कंटाळवाणे वाटेल. मधुमेह असलेल्या, जेवणाची वेळ टळलेल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे; दम्याच्या रुग्णाची वेगळी आहे; आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची तर फारच वेगळी आहे. हा विषय माहितीपत्रकात लिहिण्याचा संकोच वाटतो हे मी समजू शकतो, परंतु प्रवासाला निघालेल्या कितीतरी स्त्रिया याच एका धास्तीने दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग उन्हाने आजारी पडतात, हे आपण आपल्या घरांत पाहतोच. केबिनमध्ये आसनाखाली आपत्कालीन साहित्याची पेटी ठेवलेली असते आणि नियंत्रण कक्षाशी संपर्काची सोयही आहे. ही व्यवस्था चांगली आहे. पण ती आहे हे बसणाऱ्याला ठाऊक हवे. अडकल्यावर घाबरलेला माणूस आसनाखाली शोधाशोध करीत नाही.

कोणी स्कायलायनरमध्ये बसूच नये, असे माझे म्हणणे नाही. मी स्वतः संधी मिळाल्यास आनंदाने बसेन, मात्र सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, औषधे आणि पाण्याची बाटली जवळ ठेवून आणि स्वच्छतागृहात जाऊन आल्यावर. ज्यांना चालत्या केबिनमध्ये चढणे जमत नाही, त्यांच्यासाठी व चाकाच्या खुर्चीवरील प्रवाशांसाठी स्टेशनांत केबिन थांबवून चढण्या-उतरण्याची स्वतंत्र जागा असते. तिची चौकशी करावी. रोपवे बंद असला की त्या मार्गांवर बस सोडल्या जातात. तो चालू असतानाही दुसऱ्या कोणत्या वाहनाने जाता येईल, हे हॉटेलात पोहोचताच विचारून ठेवावे, म्हणजे ज्याला भीती वाटते त्याच्यावर घरच्यांच्या उत्साहाखातर बसण्याची पाळी येणार नाही.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. रोपवे वारंवार थांबतो म्हणून कुरकुर करणे योग्य नाही. इटलीतील मोत्तारोने येथे २३ मे २०२१ रोजी ओढणारा दोर तुटून केबिन कोसळली आणि १४ जण मृत्युमुखी पडले. पाच वर्षांचा एक मुलगा तेवढा वाचला. हा दोर तुटल्यावर केबिनला वजन पेलणाऱ्या वेगळ्या दोरावर धरून ठेवणारा आपत्कालीन ब्रेक तिथे होता, पण तो पुनःपुन्हा लागून सेवा खंडित होत होती, म्हणून त्याला मुद्दाम चिमटे लावून तो निकामी करून ठेवण्यात आला होता. मेंटेनन्समध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाला ही बातमी वाचून जो संताप येतो, तो शब्दांत सांगणे कठीण आहे. यंत्र थांबते आहे, म्हणजे ते काही सांगते आहे. त्याचे तोंड बंद करण्याचा मोह चालकाला होऊ नये असे वाटत असेल, तर थांबण्याची तयारी प्रवाशाने आणि व्यवस्थापनाने दोघांनीही ठेवली पाहिजे.

ही तयारी नसली तर काय होते, हे आपल्या देशाने पाहिलेले आहे. झारखंडमधील देवघरजवळच्या त्रिकूट रोपवेवर १० एप्रिल २०२२ रोजी, रामनवमीच्या दिवशी, केबिन एकमेकींवर आदळल्या. अडकलेल्या सर्वांना खाली आणण्यास चाळीसहून अधिक तास लागले. हवाई दल, लष्कर, आयटीबीपी, एनडीआरएफ आणि गावकरी यांनी जिवाची बाजी लावली. तरीही तिघांचे प्राण गेले आणि त्यांतील दोघे तर हेलिकॉप्टरने सोडवताना खाली पडून गेले. मूळ अपघातातून वाचलेली माणसे सुटकेच्या वेळी गेली, ही गोष्ट मनाला फार लागते. जवानांच्या शौर्याविषयी शंकाच नाही. परंतु दोरावर लटकलेल्या केबिनमधून माणसे उतरवण्याची साधने आणि त्यासाठी प्रशिक्षित माणसे रोपवेच्या पायथ्याशीच असायला हवीत. त्यासाठी हेलिकॉप्टरची वाट पाहण्याची वेळच येऊ नये. त्या घटनेनंतर केंद्रीय गृह मंत्रालयाने सर्व रोपवेंची सुरक्षा तपासणी करण्याची सूचना राज्यांना दिली होती.

हे सारे कोल्हापुरात बसून लिहिण्याचे कारण केवळ परदेशवारी करणारे आई-वडील नाहीत. जोतिबा आणि पन्हाळा परिसरात रोपवे व्हावा, अशी चर्चा आपल्याकडे अधूनमधून होत असते. केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात रोपवे उभारणीची ‘पर्वतमाला’ योजना जाहीर केल्यापासून देशभरच अशा प्रस्तावांना बळ मिळाले आहे. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे आणि त्याच्यामुळे ज्यांना पायऱ्या चढणे कधीच शक्य झाले नसते, अशा असंख्य वृद्धांना महाराजांच्या समाधीचे दर्शन घडले, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. जोतिबावरही म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया आणि अपंग भाविक यांची अशी सोय झाली, तर ते पुण्याचेच काम होईल. मात्र चैत्र यात्रेला त्या डोंगरावर लाखोंची गर्दी असते, ऊन कडक असते आणि त्याच दिवसांत दुपारनंतर वळवाचे ढग जमतात, विजा होतात, वावटळ सुटते. त्या दिवशी दोर थांबला आणि खाली दरी असली, तर किती माणसे, किती वेळात, कोणत्या साधनाने उतरवणार, याचे उत्तर रोपवेचे मार्ग आखतानाच दिलेले असले पाहिजे, कारण शिडी किंवा क्रेन पोहोचू शकेल अशी वाट खांबांच्या कडेने ठेवायची की नाही, हे नंतर ठरवता येत नाही.

म्हणून शहरातील सहल कंपन्यांना विनंती आहे, की स्कायलायनरचा समावेश असलेल्या सहलींच्या माहितीपत्रकात केबिनमध्ये वातानुकूलन नाही, विजा-वाऱ्यात रोपवे थांबतो आणि मदतीसाठी कोणती सोय आहे, हे मराठीत छापावे. आणि जिल्हा प्रशासनाला विनंती आहे, की जोतिबा वा पन्हाळ्यासाठी कोणताही रोपवे मंजूर करताना त्याचा बचाव आराखडा भूमिपूजनाच्या आधी लोकांसमोर ठेवावा, अग्निशमन दलासह प्रत्यक्ष सराव घेतल्याखेरीज तो प्रवाशांसाठी खुला करू नये आणि शेवटचा सराव कधी झाला, याची तारीख तिकीट खिडकीवर ठळक अक्षरांत लावण्याचे बंधन चालकावर घालावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मेंटेनन्स कामगार,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर