केसपेपरच्या मागच्या तीन ओळी

आशाताई, नमस्कार.

‘आशा’ हे तुमच्या आरोग्यसेविकेच्या कामाचं नाव. तुमचं स्वतःचं नाव इथं लिहीत नाही, तुम्ही जिची नोंद केलीत त्या बाईचंही नाही. तिला विचारूनच हे पत्र सगळ्यांसमोर ठेवतोय. वाचाल तेव्हा तुमचं तुम्हाला कळेलच.

जतहून सांगलीला ती आली तेव्हा सोबतची फाइल दोन बोटं जाड होती. तीन वेगवेगळ्या वर्षी केलेली टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी त्यात होती : २.१, २.८, १.९. प्रत्येकाखाली ‘थायरॉइड नॉर्मल’. हिमोग्लोबिन ९.४, आणि वर्षभर लोहाच्या गोळ्या घेऊनही ते तिथंच अडकलेलं. कॅल्शियम, बी-१२ची इंजेक्शनं, टॉनिकं. एका चिठ्ठीवर तर नुसतंच ‘घरचं टेन्शन’. सहा वर्षं बाई हेच ऐकत होती.

त्या फाइलमधल्या एका केसपेपरच्या कोऱ्या बाजूला निळ्या बॉलपेननं तुम्ही लिहिलं होतं :

‘बाळंतपणात रक्त फार गेलं, चार बाटल्या चढवल्या.
बाळाला अंगावरचं दूध आलंच नाही.
तेव्हापासून पाळी नाही.’

ताई, निदान तिथंच झालं होतं. पुढं आम्ही फक्त खात्री करून घेतली.

थकवा म्हटलं की टीएसएच करायचा, ही सवय वाईट नाही. बायकांचा थायरॉइड बहुतेक वेळा गळ्यातल्या ग्रंथीतच बिघडतो. त्यात हाशिमोटो सगळ्यात जास्त दिसतो : प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते आणि रक्तात तिच्याविरुद्धचं प्रतिपिंड, अँटी-टीपीओ, वाढलेलं सापडतं. बाळंतपणानंतरच्या वर्षात ग्रंथीला सूज येते ती निराळी, ती बऱ्याच जणींची आपोआप उतरते. लिथियम, अमिओडॅरोनसारखी औषधंही ग्रंथी मंदावतात. या सगळ्यांत ग्रंथी सुस्तावली की मेंदूच्या तळाची पिट्यूटरी तिला जास्त हाका मारते. त्या हाका म्हणजे टीएसएच, म्हणून तो चढतो. पण हाक मारणारीचाच आवाज गेला असेल तर? मग ग्रंथी कितीही मंद असो, टीएसएच नॉर्मलच्या रकान्यात निवांत बसून राहतो. तिथं एफटी-४, म्हणजे रक्तातलं खुद्द थायरॉइडचं संप्रेरक, मोजल्याशिवाय काही कळत नाही.

बाळंतपणातल्या रक्तस्रावानं पिट्यूटरी अशी बंद पडते, तोच तिचा आजार. डॉ. हॅरॉल्ड शीहान यांनी १९३७मध्ये त्याचं वर्णन केलं, त्यांच्याच नावानं तो शीहान सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. गरोदरपणात पिट्यूटरी वाढते, पण तिचा रक्तपुरवठा त्या मानानं वाढत नाही. बाळंतपणात रक्तस्राव होऊन बीपी कोसळलं की हरभऱ्याएवढी ती ग्रंथी सुकते. आधी दूध येत नाही, मग पाळी येत नाही. काखेतले केस जातात. थायरॉइड आणि कॉर्टिसॉल (आजार-ताण झेलायला शरीराला लागणारं संप्रेरक) हळूहळू उतरतात, रक्तही वाढत नाही. द्राक्षाच्या बागेत थिनिंगला जाणारी बाई उन्हानं रापायची सोडून मेणासारखी पांढरी पडते. अंगणात उभं राहूनही हे दिसतं.

फाइलमध्ये सगळ्यात धोक्याची चिठ्ठी मात्र शेवटची होती. तिथं कुणीतरी एफटी-४ केला, ०.४ म्हणजे कमी आला, आणि त्याच दिवशी थायरॉक्सिन ही थायरॉइडची गोळी, ७५ची, सुरू झाली. कॉर्टिसॉल बघितलंच नाही. थायरॉक्सिन पोटात गेलं की शरीर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही भराभर संपवतं. आठवड्यात उलट्या, चक्कर, सोडियम ११९वर घसरलेलं. सकाळी आठचं कॉर्टिसॉल १.८ निघालं, ३च्या खाली असलं की शंकेला जागा राहत नाही. म्हणून आधी कॉर्टिसॉलची जागा घेणारं हायड्रोकॉर्टिसोन, थायरॉक्सिन त्याच्या मागून. हा क्रम पुस्तकात असतो. पुस्तक उघडायला बाळंतपणाचं विचारावं लागतं, ते सहा वर्षांत तुमच्याशिवाय कुणी विचारलं नाही.

सांगली-मिरजेत मशीनला तोटा नाही. विचारपूस मात्र दुर्मीळ झालीय. या शब्दात ‘पूस’ का आहे, ते तुमच्या त्या ओळी वाचताना कळलं. तुमचं काम मोबदल्याच्या तक्त्यावर चालतं, अमुक भेटीचे एवढे, तमुक नोंदीचे एवढे. या तीन ओळींना त्यात रकाना नाही. तरीही तुम्ही त्या लिहिल्यात, आणि कागद हरवू नये म्हणून फाइलला टाचणीनं लावलात. टाचणी गंजलीय. आम्ही ती काढलेली नाही.

आता थोडं कामाचं. हायड्रोकॉर्टिसोन सकाळी उठल्याबरोबर १० मिलिग्रॅम आणि दुपारी ५, एकही दिवस चुकवायचं नाही. ताप आला तर तेवढे दिवस दुप्पट. उलटीत गोळी टिकली नाही तर वाट न बघता दवाखाना आणि १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन. तसं कार्ड तिच्या पर्समध्ये आहे, एक प्रत तुमच्याकडे पाठवतोय. थायरॉक्सिन उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-पाऊण तासानं, लोह-कॅल्शियम चार तासांनी. आणि तिच्या थायरॉक्सिनचा डोस आता टीएसएचवरून ठरवायचा नाही. टीएसएच खाली गेलेला दिसला की कुणीतरी ‘जास्त झालंय’ म्हणून गोळी कमी करेल. एफटी-४च बघायचा.

तुमच्या वहीत अशा आणखी दोघी आहेत, असं तुम्ही फोनवर म्हणालात. त्यांना सोमवारी पाठवा. रक्त सकाळी आठला घ्यायचंय, तेव्हा पहिली गाडी धरायला सांगा. अंगदुखीवर कुणी स्टिरॉइडची सुई दिली असेल तर तेही विचारा, नाहीतर कॉर्टिसॉलचा आकडा फसवतो. आणि काय विचारलंत, काय कळलं, ते मागच्या बाजूला लिहून द्या. आम्ही आधी तीच बाजू वाचू.

तुमचा ऋणी,
सांगलीतला एक फिजिशियन