गणपतीला येणाऱ्या पोरांसाठी ओआरएसच्या पुड्या द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीत आमची वाडी फुलते. मुंबई, विरार, डोंबिवलीहून चाकरमानी येतात, कडेवर पोरं असतात. पाणी बदलतं, जेवणाच्या वेळा बदलतात, जो तो बाळाच्या तोंडात काहीतरी भरवतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणाच्यातरी पडवीतून हाक येते, "काकी, पोराला जुलाब लागलेत, जरा बघता?" आरोग्यसेविका म्हणून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी ही हाक चुकत नाही.

गेल्या वर्षी ती माझ्याच घरातून आली. नातू अकरा महिन्यांचा. मी शेजारी आरतीला गेले होते, तेवढ्यात मुलाने नाक्यावरून रंगीत खोकं आणलं. त्यावर ठळक अक्षरांत 'ओआरएस', चव सफरचंदाची. पोराने आवडीने प्यायलं आणि पहाटेपर्यंत जुलाब वाढले. एकतीस वर्षं लोकांच्या घरी ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाण्यात विरघळवून पाजायच्या मीठ-साखरेच्या, पुड्या वाटल्या, आणि माझ्या फडताळात एक नव्हती! सकाळी आशाताईंकडून आणली.

खोक्यातलं ते नावालाच ओआरएस, खरं म्हणजे गोड पेय. अशा पेयांत साखर फार असते. ती आतड्यात पाणी ओढते, म्हणून जुलाब थांबायचे सोडून वाढू शकतात. खऱ्या पुडीत लिटरमागे ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम आणि मीठ 2.6 ग्रॅम असतं. ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावातून 'ओआरएस' काढायला लावलं, हे बरं झालं. पण लोकांच्या तोंडातून नाव इतक्यात जायचं नाही. "ओआरएस द्या" म्हटलं की अजून हात त्याच फळीकडे जातो. म्हणून पुडीच मागा, आणि तिच्यावर डब्ल्यूएचओचं, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचं, सूत्र लिहिलंय का ते बघा.

पुडी आणली तरी घोळ होतो तो पाण्यात. सुनेने अर्धी पुडी पेल्यात टाकली, बाकीची दुमडून डब्यात ठेवली. तसं चालत नाही. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होऊन बाळाला अपाय होतो, पाणी जास्त झालं तर उपयोग होत नाही. मोठी पुडी एक लिटरची, छोटी 200 मिलीची, पाठीवर लिहिलेलं असतं. आमच्या पितळी तांब्यात लिटर मावत असेल असं मला इतकी वर्षं वाटायचं. त्या दिवशी पाण्याच्या लिटरच्या बाटलीने मोजलं तर सव्वा भरला! तेव्हा बाटलीच धरा. पाणी उकळून गार केलेलं हवं. पावसात आमच्या विहिरी गढुळतात. केलेलं द्रावण चोवीस तासांनी फेकून द्यायचं.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. आईचं दूध बंद करू नका. "पोट रिकामं ठेवा" म्हणणाऱ्या आज्या अजून आहेत, मीही आजीच आहे, पण हे त्यांचं ऐकू नका. सहा महिन्यांवरच्या बाळाला उकड्या तांदळाची मऊ पेज चालते. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्यायच्या. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की लोक गोळ्याही थांबवतात. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं, काही पिईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर आरती राहू दे, दवाखाना गाठा.

1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत सलाईन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांत असंच पाणी करून ठेवलं आणि नातेवाइकांनाच ते रुग्णांना पाजायला लावलं. त्यातले बरेच जण वाचले. त्यापुढे आपल्या पडवीत लिटरभर पाणी मोजणं कितीसं अवघड?

आता मागणी. अतिसाराच्या मोहिमेत जून-जुलैत आशाताई घरोघर पुड्या देतात, ते चांगलंच. पण त्यांच्या यादीत वाडीतली पोरं असतात, गणपतीला येणारी नसतात, आणि माझ्या दारात येणारी बहुतेक तीच. गणपतीच्या आठवडाभर आधी, ज्या घरी चाकरमानी येणार त्या घरात दोन पुड्या आणि झिंकची पट्टी पोचवावी. कुठल्या घरी कोण येणार हे आशाताईंना ग्रामपंचायतीपेक्षा आधी ठाऊक असतं. आपण जिल्हा पानावर हे छापलंत तर वरच्यांच्या नजरेस पडेल.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, गुहागर तालुका