मीटर रूममधला स्विच जळालेला नाही

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, औसा रोड, लातूर

विषय: नेटवर्क स्विच नवीन न घेण्याबाबत व जुन्याचं रीसेट बटण न दाबण्याबाबत

चेअरमनसाहेब, सप्रेम नमस्कार.

नोटीस बोर्डावर नवीन स्विचचं कोटेशन पाहिलं आणि लगेच हे पत्र लिहायला बसले. मीटर रूममधला चोवीस पोर्टचा स्विच, म्हणजे कॅमेरे, वाय-फाय आणि इंटरनेटच्या केबली एकत्र जोडणारी पेटी, चांगला आहे. त्यावर सभासदांचा पैसा घालू नका आणि रविवारी येणाऱ्या टेक्निशियनला त्याचं रीसेट बटण दाबू देऊ नका, ही विनंती.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. त्यामुळे बुधवारी सेक्रेटरीसाहेबांकडून किल्ली घेतली आणि लॅपटॉप घेऊन दीड तास तिथं बसले. जे दिसलं ते सांगते.

मागच्या महिन्यात नवीन इंटरनेटचा राउटर बसला. त्याचा नेटवर्कमधला पत्ता १९२.१६८.१.१, आणि आपल्या स्विचचाही नेमका तोच. एका नेटवर्कात दोघांना एक पत्ता चालत नाही, म्हणून टेक्निशियननं स्विचला १९२.१६८.१.२५० द्यायचं ठरवलं. ते बरोबरच होतं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तशी चिठ्ठीही चिकटवली आहे. पण त्यानं पत्ता बदलून अप्लाय दाबलं आणि पान नुसतं फिरत राहिलं. मी तेव्हा ऑफिसात मेंटेनन्स भरायला आले होते, समोरच पाहिलं. स्विच हँग झाला असं म्हणून तो निघून गेला. खरं तर पत्ता त्याच क्षणी बदलला होता. पान जुन्या पत्त्यावर उघडलेलं होतं, तिथं उत्तर द्यायला आता कोणी नव्हतं, एवढंच. २५० वर नव्यानं लॉगिन करून सेव्ह करायचं राहून गेलं.

सेव्ह न केलेला बदल स्विच चालू आहे तोवरच टिकतो. गेल्या सोमवारी रात्री लाइट गेली, यूपीएस उतरला, आणि पहाटे स्विच पुन्हा जुन्या पत्त्यावर उठून बसला. तेव्हापासून २५० वर कोणी बोलत नाही, म्हणून तो जळाला असं ठरलं. पण जळाला असता तर गेटजवळच्या स्क्रीनवर सगळे कॅमेरे दिसले असते का? कॅमेऱ्याचं चित्र रेकॉर्डरपर्यंत पोचवायला स्विचला स्वतःचा पत्ता लागत नाही. तो लागतो आपल्याला, त्याच्या सेटिंगमध्ये शिरण्यासाठी.

मी राउटरची केबल काढून ठेवली, लॅपटॉपला हातानं १९२.१६८.१.५० हा पत्ता दिला, मास्क (नेटवर्कचा आवाका सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०, आणि रेकॉर्डरशेजारच्या मोकळ्या पोर्टला जोडला. १९२.१६८.१.१ ला पिंग केलं, म्हणजे कोणी आहे का अशी हाक मारली. राउटर तर निघालेला, तरी उत्तर आलं. मग एआरपीची यादी काढली, म्हणजे कुठला पत्ता कुठल्या यंत्राकडे आहे ती. त्यातला मॅक ॲड्रेस (यंत्राचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) आणि स्विचच्या बाजूच्या स्टिकरवरचा, दोन्ही अक्षर न अक्षर जुळले. लॉगिनचं पानही उघडलं. पासवर्ड माझ्याकडे नाही आणि समितीच्या परवानगीशिवाय मी काही करणारही नव्हते.

ऑफिसचं इंटरनेट आठवडाभर मध्येच बंद पडतं, मोबाईलवर कॅमेरे कधी दिसतात कधी नाही, त्याचं कारणही हेच. कॉम्प्युटर राउटरला हाक मारतो आणि ओ कधी राउटर देतो, कधी स्विच.

रीसेट केलं तर पत्त्यासोबत बाकीची सेटिंगही पुसली जाईल. क्लबहाउसचं वाय-फाय आणि कॅमेरे यांचे व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमध्ये पाडलेले स्वतंत्र कप्पे, वेगळे ठेवले आहेत, ते एक होतील. मग वाय-फायवर बसलेला कुठलाही पाहुणा थेट रेकॉर्डरपर्यंत पोचेल. आपल्या लेकीबाळींच्या येण्याजाण्याचं चित्रण त्यात आहे, याची मला फार काळजी वाटते.

आणि गेटचा कॅमेरा. उन्हात तो अडकतो. स्विचमध्ये शिरता आलं तर त्या पोर्टची वीज ऑफिसात बसून बंद-चालू करता येते, कारण कॅमेऱ्याला वीज त्याच केबलनं जाते. आता मात्र वॉचमन मामांना भर दुपारी शिडीवर चढावं लागतं. शुक्रवारी त्यांचा हात पोळला, तो मी पाहिला. शिवाय टँकर किती आले याचा हिशोब आपण याच कॅमेऱ्यावरून जुळवतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे गाव आहे, इथं एका टँकरची नोंद चुकली तरी वाद होतो.

रविवारी टेक्निशियन आला की मला बोलवा. आधी राउटरची केबल काढायची, जुन्या पत्त्यावर लॉगिन करायचं, २५० द्यायचा, गेटवे (बाहेर जायचं दार) म्हणून राउटरचा पत्ता टाकायचा. पान अडकलं तर घाबरायचं नाही, नवीन पत्त्यावर पुन्हा उघडून सेव्ह करायचं. मग स्विचची वीज एकदा मुद्दाम बंद करून चालू करायची आणि २५० टिकला का ते बघायचं. राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांतून २५० वगळायला विसरू नये, नाहीतर उद्या तो एखाद्या मोबाईलला मिळेल आणि पुन्हा तोच घोळ. पासवर्ड बंद पाकिटात सोसायटीच्या कपाटात ठेवावा आणि पत्ता रजिस्टरला लिहावा. चिठ्ठीचा गोंद आत्ताच सुटत आला आहे.

कोटेशनवर रविवारपर्यंत सही करू नये, एवढं ऐका.

आपली विश्वासू,
सभासद, बी विंग, तिसरा मजला