दिलीपला पत्र : कसाबवर खटला कशाला चालवला?

भुसावळ
१८ जानेवारी २०२६

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नोव्हेंबरात लाल किल्ल्याजवळ गाडी उडवली, पुढच्याच महिन्यात सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर हनुक्का साजरा करणाऱ्या ज्यूंवर बापलेकांनी गोळ्या झाडल्या. त्यावर संतापून तू लिहिलंस, "असल्यांना कोर्ट, वकील, अपील कशाला? कसाबला चार वर्षं बिर्याणी घालून पोसलाच ना आपण?" तुझा संताप मला कळतो. पहलगामला धर्म विचारून माणसं मारली, त्या रात्री आमच्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. पण खटल्याबद्दल तू जे लिहिलंस ते मला अजिबात पटलेलं नाही, आणि हे फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहायला बसलोय.

२६/११च्या मुंबई हल्ल्यात कसाब जिवंत हाती लागला कसा ते आधी आठव. गिरगाव चौपाटीला तुकाराम ओंबळे नुसती लाठी घेऊन पुढे गेले. त्यांनी एके-४७ची नळी धरली, गोळ्या अंगात घुसत असताना धरून ठेवली, आणि म्हणून दहांपैकी एक जिवंत सापडला. तो तिथेच मेला असता, तर पाकिस्तानने कानावर हात ठेवले होते ते तसेच राहिले असते. जिवंत माणूस समोर होता म्हणून तर जानेवारी २००९मध्ये त्यांना कबूल करावं लागलं की हा आमचा नागरिक. ओंबळ्यांनी जीव देऊन जो पुरावा मिळवून दिला, तो कोर्टात न मांडता गोळी घालून संपवायचा होता का?

आणि बिर्याणीचं म्हणशील, तर ती कधी नव्हतीच. कसाबचा खटला चालवणारे सरकारी वकील उज्ज्वल निकम आपल्या जळगावचे, आपल्या जिल्ह्याला त्यांचं केवढं कौतुक! त्यांनी स्वतःच २०१५ साली जाहीरपणे सांगितलं की कसाबबद्दल सहानुभूती निर्माण होऊ नये म्हणून ती गोष्ट आपण रचली होती. मला याचं वाईट वाटलं. फोनवरून मिळणाऱ्या सूचनांची ध्वनिमुद्रणं, सीएसटीवरचे फोटो, शेकडो साक्षीदार, एवढा भक्कम खटला होता. त्याला असल्या टेकूची काय गरज होती? खटला विसरला गेला आणि लोकांच्या तोंडी बिर्याणी तेवढी राहिली.

त्या खटल्यात काय झालं बघ. मे २०१०मध्ये निकाल लागला तेव्हा नकाशे पुरवल्याचा आरोप असलेल्या दोन भारतीयांना त्याच न्यायालयाने पुराव्याअभावी सोडलं. १६६ माणसं मेलेली, देश पेटलेला, आणि तरी न्यायाधीश म्हणतात, यांच्याविरुद्ध पुरावा पुरेसा नाही. मग तेच न्यायालय कसाबला फाशी सांगतं तेव्हा त्या शिक्षेवर जगात कुणाला बोट ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२मध्ये ती कायम केली, निकाल लिहिला न्यायमूर्ती आफताब आलम यांनी. नोव्हेंबरात येरवड्याला फाशी झाली. हल्ल्यापासून फाशीपर्यंत चार वर्षांत काही दिवस कमी.

आता अमेरिकेकडे बघ. ११ सप्टेंबरचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद २००३ सालीच त्यांच्या हाती लागला. त्याला गुप्त तुरुंगात नेलं, नाकातोंडात पाणी ओतून छळलं, मग ग्वांटानामोला ठेवलं. छळ करून काढलेला जबाब पुरावा म्हणून चालेल का, या वादात वीस वर्षांहून अधिक काळ गेला. जवळपास तीन हजार माणसं मेली त्या गुन्ह्याचा त्याच्यावरचा खटला आजही उभा राहिलेला नाही. मेलेल्यांचे आईबाप निकालाची वाट बघत म्हातारे होऊन गेले. तू ज्याला झटपट न्याय म्हणतोस तो रस्ता जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाने धरून पाहिला, दिलीप. तो तिथे नेतो.

धोका संपलाय असं मी म्हणत नाही. इराक-सीरियातली इसिसची ती खिलाफत २०१९मध्ये बुडाली म्हणून लोक निर्धास्त झाले. पण २०२४मध्ये मॉस्कोच्या सभागृहात शंभरावर माणसं मारली गेली. आफ्रिकेत माली, बुर्किना फासोकडे तर गावंच्या गावं ओस पडताहेत. दहशतवादाने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्मे आता त्या साहेल पट्ट्यात होतात, आणि मरणारे बहुतेक मुसलमानच. पेशावरच्या शाळेत सव्वाशेवर मुलं मारली, ती कुणाची होती? "याचा धर्माशी काही संबंध नाही" म्हणून हात झटकणाऱ्यांशीही माझं जमत नाही. हे लोक धर्माचंच नाव घेऊन पोरं ओढतात. २०१४मध्ये आपल्या कल्याणची चार शिकलेली पोरं घर सोडून इराकला गेली होती. दिल्लीच्या प्रकरणात तर डॉक्टर निघाले. तेव्हा गरिबी आणि अडाणीपणाचं जुनं कारण पुरत नाही, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे.

पण तेच दिल्लीचं प्रकरण उलगडलं कसं? ऑक्टोबरात श्रीनगरच्या नौगामला भिंतींवर जैश या दहशतवादी संघटनेची पत्रकं लागली. काश्मिरात पत्रक म्हणजे काय नवल, फाडून टाकून पोलीस मोकळे झाले असते. त्यांनी सीसीटीव्हीत लावणारे शोधले, त्यांच्यावरून एका मौलवीपर्यंत, मौलवीवरून डॉक्टरांपर्यंत गेले, आणि फरीदाबादेत जवळपास २,९०० किलो स्फोटक सामग्री सापडली. एक जण निसटला, त्याने दिल्लीत माणसं मारली. बाकीचा साठा वापरला गेला असता तर? पुढे तोच माल नौगामच्या ठाण्यात तपासताना उडाला आणि नऊ जण गेले. त्यांत न्यायवैद्यक प्रयोगशाळेतली माणसं होती, आणि नमुन्यांच्या पिशव्या शिवायला बोलावलेला एक शिंपी होता. टीव्हीवर त्या शिंप्याचं नाव कितीदा ऐकलंस? देश असल्या माणसांच्या जिवावर वाचतो.

मी जन्मभर टीसी म्हणून फलाटावर काढलं, तेव्हा एक प्रसंग सांगतो. दुपारची वेळ, फलाटावर ही गर्दी. आमचा एक हमाल जवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, त्या बाकाखालची काळी बॅग. दोन गाड्या गेल्या, तिचा धनी काही दिसत नाही." आरपीएफला कळवलं, दोरी लावून लोकांना मागे सारलं, कुत्रं आलं, बॅग हुंगून बाजूला झालं. आत निघाल्या लग्नपत्रिका आणि दोन पैठण्या. गाडीला उशीर झाला, पण त्या हमालाला कुणी एक शब्द बोललं नाही. उलट निरीक्षकाने त्याला चहा पाजला. त्यामुळे पुढेही तो सांगत राहिला. त्याला त्या दिवशी झापला असता, किंवा "तुला कसं कळलं, चल ठाण्यात" म्हटलं असतं, तर पुढच्या वेळी तो बॅग बघून न बघितल्यासारखं करून निघून गेला असता. श्रीलंकेत नेमकं हेच झालं. ईस्टरचे स्फोट घडवणाऱ्या झहरानबद्दल तिथल्या मुसलमानांनीच फार आधी तक्रारी केल्या होत्या, एप्रिल २०१९मध्ये भारतानेही इशारा दिला होता. कुणी मनावर घेतलं नाही आणि ईस्टरला अडीचशेहून अधिक माणसं गेली. पुढे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने या हलगर्जीपणाबद्दल माजी राष्ट्राध्यक्षालाच दहा कोटी श्रीलंकन रुपये भरपाई द्यायला लावली. सत्ताधाऱ्याला असा जाब विचारणारं कोर्ट आपल्याकडेही हवं, असं मला फार वाटतं.

याउलट चुकीची माणसं धरली की काय होतं ते आपल्या भुसावळला विचार. १९९४ साली "भुसावळ अल जिहाद" नावाची संघटना काढल्याच्या आरोपावरून टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली माणसं पकडली होती, आठवतं? तेव्हा गावात काय वातावरण होतं! त्यातले ११ जण नाशिकच्या विशेष न्यायालयाने २०१९ साली निर्दोष सोडले. पंचवीस वर्षांनी. मुंबईतल्या २००६च्या ७/११ लोकल स्फोटांत शिक्षा झालेल्या बाराही जणांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये निर्दोष ठरवलं. सरकारचं अपील सर्वोच्च न्यायालयात आहे. पण एकोणीस वर्षं झाली आणि पावणेदोनशेवर माणसं कुणी मारली याचं उत्तर मेलेल्यांच्या घरच्यांकडे नाही. मालेगाव तर धुळ्याला लागूनच. तिथल्या २००६ आणि २००८ या दोन्ही स्फोटांत आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. निरपराध आत बसतो तेवढी वर्षं खरा गुन्हेगार बाहेर फिरतो, यापेक्षा दहशतवाद्याला आणखी काय हवं? यूएपीए या आताच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली जामीन मिळणं इतकं अवघड करून ठेवलंय की खटला हीच शिक्षा होऊन बसते. कायदा कडक असू दे, माझी हरकत नाही. पण मग तपासही तेवढाच चोख हवा आणि खटला वेळेत संपायला हवा.

२६/११नंतर मुंबईच्या बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनाला जागा नाकारली होती. सरकारला वर्षभर प्रेतं सांभाळावी लागली. पहलगामला बंदूक हिसकावायला गेलेला घोडेवाला मुसलमान, आणि बाँडायला हल्लेखोराच्या हातून बंदूक काढून घेणारा फळविक्रेताही मुसलमान. ही माणसं आपल्या बाजूला उभी आहेत, तिथून आपणच त्यांना ढकलायचं का?

म्हणून आता आपल्या शाळेच्या ग्रुपबद्दल स्पष्टच लिहितो. दिल्लीच्या स्फोटानंतर "यांच्याकडून भाजी-फळं घेऊ नका" हा जो मेसेज तू पुढे ढकललास, त्यानंतर रफिक तडवी एक अक्षर न लिहिता ग्रुपमधून बाहेर पडला. तुझ्या लक्षातही आलं नसेल. मी यावलला त्याच्याकडे जाऊन आलो. त्याचा मुलगा केळीचा माल भरतो, त्याच्या गाडीला रावेरच्या एका व्यापाऱ्याने नकार दिला म्हणे. रफिक तक्रार करत नव्हता, विचारलं म्हणून सांगितलं. बोलताना एकदा म्हणाला, "दिलीपने पाठवलं म्हणून जास्त लागलं रे."

ग्रुपचा अ‍ॅडमिन तू आहेस. तो मेसेज काढून टाक, आणि का काढला तेही दोन ओळीत लिही, नुसता पुसू नकोस. त्या व्यापाऱ्याला तू ओळखतोस, तुझ्या मेहुण्याच्या नात्यातला आहे, त्याच्याशी बोल. आणि रफिकला फोन कर. नंबर जुनाच आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अनिल