नाशिकच्या रविवार कारंजाजवळच्या रिपेअरवाल्या काकांना, आमच्या वूफरकडून

काका, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर असलं काही वाचत बसत नाही माहितीये, पण तुमच्या गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी वाचून दाखवेलच म्हणून लिहितोय. मी तो, भर पावसात सिडकोहून स्कूटीवर पायाशी वूफरचा, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरचा, डबा घेऊन आलेला, डबा खताच्या गोणीत गुंडाळलेला आणि मी मात्र पूर्ण भिजलेला.

जुन्या होम थिएटरचं मेन युनिट गेलं पण वूफर धडधाकट होता, आणि बाबांना तो हवाच होता. त्यांना आताशा बारीक आवाज नीट ऐकू येत नाहीत, पण डग्गा आणि पखवाज त्यांना पोटात जाणवतो म्हणे. भीमसेनजींचा अभंग लावला की पखवाज नसेल तर ते टीव्हीच बंद करतात. एवढंच काय ते कारण होतं.

तुमच्याआधी दोन ठिकाणी गेलो होतो. पहिल्या चकाचक दुकानाने तीन आठवडे डबा ठेवून घेतला, फोन केला की "उद्या बघतो", आणि शेवटी काय तर "भंगार आहे, साउंडबार घेऊन टाका". चेकिंगचे साडेतीनशे वेगळे. डब्याचा एक स्क्रूसुद्धा उघडलेला नव्हता हो, वरची धूळ तशीच! दुसऱ्याने 5000 वॅट छापलेला, आवाज मोठा करणारा अ‍ॅम्पलीफायर बोर्ड गळ्यात मारला, सोबत 12 व्होल्टचा छोटा अ‍ॅडॉप्टर. घरी लावला तर आवाज वाढवला की वूफर कोंबडी पंख झटकते तसा फडफडायचा आणि बाबा म्हणायचे राहू दे रे, उगाच पैसे घालवू नको. ते ऐकून जास्त वाईट वाटायचं.

तुम्ही काय केलं, तर आधी मला स्टूल दिलं, मग डबा उघडून वूफरच्या दोन टोकांना मीटरच्या पिना लावल्या आणि मीटर माझ्याकडे फिरवला. "वाच, तूच वाच." मी वाचलं, 3.4. "म्हणजे 4 ओहमचा आहे आणि कॉईल जिवंत आहे, आतली तार तुटलेली नाही." बस. एवढंच. पण काका, तीन आठवड्यांत कोणी मला मीटर दाखवला नव्हता, सगळे नुसते मान हलवायचे, आणि तुम्ही तो फिरवलात तेव्हा मला खरंच भरून आलं, मी पावसाचं पाणी पुसल्यासारखं केलं.

मग मला वाटलं आता हे महागडा अ‍ॅम्प काढणार. तर तुम्ही माझाच बोर्ड उलटापालटा करून हीटसिंक काढलात, खाली चिपवर तिचा नंबर 3116 लिहिलेला. "बोर्ड वाईट नाही, लेबल खोटं आहे. तुझा अ‍ॅडॉप्टर 12 व्होल्ट 2 अँपिअर, म्हणजे 24 वॅट. हे 5000 येणार कुठून, गंगापूर धरणातून?" मी हसलो, बऱ्याच दिवसांनी. बोर्डावरचे कपॅसिटर 35 व्होल्टचे आहेत, म्हणजे 24 त्यांना झेपतील, हे नखाने दाखवून तुम्ही दुकानांच्या एलईडी बोर्डांना लागतो तसला 24 व्होल्टचा सप्लाय जोडलात, व्होल्ट दुप्पट की कागदावर ताकद चौपट, आणि वर बजावलंत की या चिपची हद्द 26 व्होल्टची आहे, शहाणपणा करून पुढे जायचं नाही. आणखी वॅट विचारले तर म्हणालात, वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबल वाढतो, घराच्या खोलीत काय मिरवणूक काढायचीये का. विकायला बसलेला माणूस गिऱ्हाइकाला "नको घेऊस" म्हणतो हे मी तरी नाशकात पहिल्यांदा पाहिलं, कदाचित मीच चुकीच्या दुकानांत जात असेन.

सप्लायचे पैसे आणि मजुरीचे दोनशे तुम्ही घेतलेत, फुकट नाही केलंत, तेही मला आवडलं. कामाचे पैसे घेणारा आणि कामाचंच बोलणारा माणूस भेटला की उपकाराचं ओझं राहत नाही, पुन्हा जायला लाज वाटत नाही.

घरी येऊन टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून वायर दिली, बोर्डावरचं बटण तुम्ही सांगितलं तसं 80 हर्ट्झच्या आसपास ठेवलं, म्हणजे वूफरकडे फक्त जाड आवाजच जावा, आणि अभंग लावला. बाबा काही बोलले नाहीत. खुर्ची सरकवून वूफरजवळ बसले आणि डब्यावर तळहात ठेवून राहिले, पूर्ण अभंगभर. खालच्या काकू दुसऱ्या दिवशी विचारत होत्या, पिठाची गिरणी लावली का घरात.

सप्लायवर तुम्ही पांढरी पट्टी चिकटवून मार्करने लिहून दिलंय ना, "फक्त याच डब्याला", ती अजून तशीच आहे. परवा लाईटवाला आला होता, सप्लाय हलवायला गेला तर बाबांनीच त्याला ती पट्टी वाचून दाखवली.